पेटंटमुळे संशोधकाला हुरूप येतो का? वाटा कुणाचा, हे आधी बघा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही कोल्हापुरात पीएच.डी. करताय. इचलकरंजीच्या प्रोसेस हाऊसमधून, म्हणजे कापड रंगवणाऱ्या कारखान्यांतून, जे रंगीत सांडपाणी बाहेर पडतं, त्यातला रंग धरून ठेवणारा कार्बन तुम्ही उसाच्या बगॅसपासून, म्हणजे रस काढल्यावर उरणाऱ्या चोथ्यापासून, बनवलाय, आणि तो धुऊन पुन्हा पुन्हा वापरता येतो असं तुम्हाला दिसलंय. पुढच्या महिन्यात एका परिषदेत पोस्टर लावायचंय. गाईड म्हणतात, आधी पेटंट टाका, मग पोस्टर. लॅबमधली मैत्रीण म्हणते, पेटंट म्हणजे ज्ञानाला कुलूप, सरकारी फेलोशिपवर केलेलं काम सगळ्यांसाठी खुलं असावं. आणि या ओढाताणीतून तुम्ही विचारलंय की पेटंटचं संरक्षण मिळतं म्हणून संशोधक जास्त जोमानं काम करतो, हे खरं आहे का.

मी तेवीस वर्षं पेटंट एजंट म्हणून, म्हणजे लोकांचे पेटंटचे अर्ज तयार करून दाखल करायचं, काम करतोय. त्याआधी सहा वर्षं कोल्हापूरजवळच्या शिरोलीत एका फौंड्रीत मेथडिंगला, म्हणजे ओतकाम कसं करायचं ते आखायच्या कामाला, होतो. दोन्हीकडं जे बघितलं त्यावरून माझं मत असं झालंय: शोधाची ओढ पेटंटनं लागत नाही. शोध हाती आल्यावर तो बाजारात उभा करायला जी दोन-चार कंटाळवाणी, खर्चिक वर्षं काढावी लागतात, ती काढायचं बळ पेटंट देतं. आणि तेही ज्यानं शोध लावला त्याचा वाटा शाबूत असेल तरच.

आधी ओढीबद्दल सांगतो. फौंड्रीत मी नवा असताना ऑइल इंजिनच्या हेडची कास्टिंगं आमच्याकडं होत होती. आत पाणी खेळायला जी पोकळी लागते, त्या वॉटर जॅकेटचा कोअर, म्हणजे पोकळीच्या आकाराचा वाळूचा गाभा, पातळ आणि वाकडातिकडा. ओतकामाच्या वेळी कोअरमधला गॅस बाहेर पडायला वाट नसायची, मग तो धातूत शिरायचा आणि मशीनिंगला गेल्यावर पृष्ठभागावर ब्लोहोल, म्हणजे गॅसची भोकं, उघडे पडायचे. दहातली तीन हेडं बाद. सरळ कोअर असता तर सळई घालून गॅसला वाट, म्हणजे व्हेंट, काढता आला असता, पण वाकड्या कोअरमधून सळई ओढून काढणार कशी? कोअर शॉपला एक आण्णा होते, सातवी शिकलेले. त्यांनी महिनाभर या एकाच गोष्टीचा ध्यास घेतला. जेवणाच्या सुट्टीत वाळूचे तुकडे फोडत बसायचे. शेवटी एके दिवशी सुती दोरा मेणात बुडवून त्यांनी कोअर भरताना आत वाकवून ठेवला. ओव्हनमध्ये कोअर भाजताना मेण वितळलं, दोरा अलगद ओढला, आणि आत वळणावळणाची नळी तयार. दुसऱ्या दिवशी पहिलं हेड करवतीनं कापून बघितलं तर पोकळी स्वच्छ. आण्णांनी तो तुकडा हातात घेऊन कितीतरी वेळ बोटानं चाचपला. त्या चेहऱ्यावर जे होतं, ते मी नंतर मोठमोठ्या संस्थांतल्या शास्त्रज्ञांच्या चेहऱ्यावरही बघितलंय. अगदी तेच असतं.

आणि संध्याकाळी चहाच्या गाड्यावर आण्णांनी ती युक्ती शेजारच्या फौंड्रीतल्या दोघांना सांगून टाकली. मी विचारलं, ‘आण्णा, हे का सांगितलंसा?’ ते म्हणाले, ‘अरं, त्यांचा माल बाद व्हायला लागला तर गिऱ्हाईक म्हणंल कोल्हापूरचं कास्टिंगच वाईट. मग ऑर्डर आपल्याकडं तरी कशी येईल?’

पुढं एजंट झाल्यावर मला कळलं की मेणाच्या व्हेंटची युक्ती जगात जुनीच आहे. आण्णांना ती स्वतःच्या डोक्यातून सुचली, पण पेटंटला लागतं ते जगात कुठंही आधी नसलेलं. तेव्हा त्यांना पेटंट मिळालंच नसतं. मुद्दा तो नाही. पेटंट हा शब्दही न ऐकलेला माणूस महिनाभर झटला, तो ओढीपोटी. आमच्या कोल्हापुरातच बाबूराव पेंटर आणि त्यांचे नात्यातले बंधू आनंदराव यांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवायला घेतला. १९१६ मध्ये आनंदराव गेले, तरी बाबूरावांनी काम सोडलं नाही, आणि १९१८ मध्ये कॅमेरा उभा राहिला. त्यांना सिनेमा काढायचा होता आणि त्यासाठी यंत्र हवं होतं. एवढी निकड पुरेशी असते.

आण्णांनी जे केलं, ते एकेकाळी इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात अख्ख्या धंद्यानं केलं होतं. तिथल्या कथील-तांब्याच्या खाणींतलं पाणी उपसायला वाफेची इंजिनं लागत. जेम्स वॉटचं पेटंट १७६९ चं, पण १७७५ मध्ये संसदेकडून मुदत वाढवून घेतल्यामुळं ते १८०० पर्यंत चाललं. जुन्या इंजिनाच्या तुलनेत जेवढा कोळसा वाचेल त्याचा एक तृतीयांश पैसा खाणवाल्यांनी वॉटच्या कंपनीला द्यायचा, असा करार होता. इंजिनात सुधारणा करू बघणारे कोर्टात खेचले गेले. पेटंट संपल्यावर, १८११ पासून, खाणवाल्यांनी दर महिन्याला एक पत्रक काढायला सुरुवात केली: कुणाच्या इंजिनानं किती कोळशात किती पाणी उपसलं, बांधणी कशी, इंजिनियर कोण. सगळं उघड. पुढच्या काही दशकांत तिथल्या इंजिनांची सरासरी कामगिरी दुप्पट-तिप्पट झाली, आणि बहुतेक सुधारणा पेटंटाविना. इंजिनियरांना काय मिळालं? नाव. ज्याचं इंजिन यादीत वर, त्याला पुढच्या खाणीचं काम. शिवाय खाणींचे भागीदार एकाच वेळी अनेक खाणींत पैसा घालून असत, म्हणून एका खाणीतली सुधारणा दुसरीत गेली तर तोटा कुणाचाच नव्हता. आण्णांचा चहाच्या गाड्यावरचा हिशेब हाच होता.

म्हणजे तुमच्या मैत्रिणीचं म्हणणं चुकीचं नाही. पण ते कुठं लागू पडतं, हे नीट बघायला हवं. सुधारणा लहान लहान असतील, त्या करायला फार पैसा लागत नसेल, आणि फायदा मालाच्या विक्रीतून मिळत असेल, तर मोकळेपणा चालतो, किंबहुना तोच चांगला. आमच्या कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतींत, उद्यमनगरात, शिरोलीत, गोकुळ शिरगावात, बहुतेक काम या जातीचं. तिथं येणाऱ्या दहांपैकी सात जणांना मी पेटंट घेऊ नका म्हणून परत पाठवतो.

औषधांचं गणित उलटं आहे. एक रेणू शोधायचा, प्राण्यांवर, मग माणसांवर चाचण्या घ्यायच्या, दहा-बारा वर्षं आणि अफाट पैसा घालायचा, आणि शेवटी तयार झालेली गोळी एखाद्या चांगल्या रसायनशास्त्रज्ञाला काही महिन्यांत उलगडता येते. तिथं संरक्षण नसेल तर पैसा घालणारा पुढंच येणार नाही. अमेरिकी अर्थतज्ज्ञ एडविन मॅन्सफील्ड यांनी १९८६ मध्ये शंभर कंपन्यांची पाहणी प्रसिद्ध केली. पेटंट नसतं तर तुमची किती उत्पादनं बाजारात आलीच नसती, असा प्रश्न होता. औषध कंपन्यांचं उत्तर ६५ टक्के. रसायन कंपन्यांचं ३० टक्के. आणि बऱ्याच उद्योगांचं उत्तर शून्याच्या आसपास. कायदा एकच, पण धंद्याधंद्यागणिक त्याचा परिणाम इतका वेगळा. म्हणून ‘पेटंटनं प्रेरणा वाढते का’ या प्रश्नाला एक उत्तर देणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही.

आता जी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, ती सांगतो. पेटंट कायदा संशोधकाचा जोर जितका बदलतो, त्याहून जास्त त्याची दिशा बदलतो. आपल्या देशाइतकं याचं चांगलं उदाहरण क्वचितच सापडेल. १९७० चा पेटंट कायदा १९७२ मध्ये लागू झाला. त्यात औषधाच्या रेणूला पेटंट नव्हतं, फक्त तो बनवण्याच्या पद्धतीला होतं, आणि तेही फार तर सात वर्षं. झालं काय? आपल्याकडच्या हुशार रसायनशास्त्रज्ञांनी नवा रेणू शोधण्यात वेळ घालवला नाही. माहीत असलेला रेणू नव्या वाटेनं, कमी पायऱ्यांत, स्वस्तात कसा बनवायचा, यात ते जगात तरबेज झाले. २००१ मध्ये सिप्लानं एड्सवरची तीन औषधांची मात्रा वर्षाला ३५० डॉलरमध्ये द्यायची तयारी दाखवली, तेव्हा पाश्चात्त्य कंपन्यांचा भाव १०,००० डॉलरच्या वर होता. तीस वर्षं ज्या दिशेनं डोकी चालली, त्याचं हे फळ. तोवर पेटंट नव्हतं म्हणून आपले शास्त्रज्ञ हातावर हात ठेवून बसले होते, असं म्हणणाऱ्यांनी हा काळ नीट अभ्यासावा.

१ जानेवारी २००५ पासून रेणूलाही पेटंट मिळू लागलं आणि मुदत वीस वर्षांची आहे. पण सोबत कलम ३(ड) आलं: माहीत असलेल्या पदार्थाचं नुसतं नवं रूप चालणार नाही, उपचाराचा गुण ठळकपणे वाढला पाहिजे. रक्ताच्या कर्करोगावरच्या ग्लिवेक या औषधाच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं १ एप्रिल २०१३ रोजी याच कलमावर नोव्हार्टिसचा अर्ज फेटाळला. हाही दिशा देण्याचाच प्रकार आहे. जुन्या रेणूला नवा क्षार जोडून वीस वर्षं मिळवायची वाट बंद केली, तर डोकं दुसरीकडं चालेल, हा त्यामागचा विचार मला पटतो.

आर्थिक इतिहासाच्या अभ्यासक पेट्रा मोझर यांनी १८५१ च्या लंडनच्या जागतिक प्रदर्शनातल्या नोंदी तपासल्या. ज्या देशांत तेव्हा पेटंट नव्हतं किंवा नावापुरतं होतं, उदाहरणार्थ स्वित्झर्लंड, तिथल्या लोकांनी शोध लावणं थांबवलं नव्हतं. ते मोजमापाची उपकरणं आणि खाद्यप्रक्रिया अशा, गुपित राखणं सोपं असलेल्या कामांकडं वळले होते. दिशा बदलली, ओढ तीच.

आता वाट्याकडं येतो. इथं मी थोडा सविस्तर बोलणार आहे, कारण माझ्याकडं येणाऱ्या तरुण संशोधकांचा हुरूप मोडताना मी इथंच बघितलाय.

निळ्या प्रकाशाचा एलईडी शोधणारे शुजी नाकामुरा जपानमध्ये निचिया या कंपनीत नोकरीला होते. त्या शोधाच्या पेटंटबद्दल कंपनीनं त्यांना एकूण २०,००० येन दिले. त्या पेटंटवर कंपनीनं किती कमावलं, हे आज घराघरांतल्या पांढऱ्या दिव्यांकडं बघून समजतं. २००१ मध्ये नाकामुरांनी दावा लावला. २००४ मध्ये टोकियोच्या न्यायालयानं २० अब्ज येन द्यायचा निकाल दिला, आणि २००५ मध्ये अपिलात सुमारे ८४ कोटी येनवर तडजोड झाली. २०१४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. नाकामुरांनी शोध लावला तो पैशासाठी असं मला वाटत नाही. पण ज्यानं वर्षानुवर्षं भट्टीपुढं उभं राहून स्फटिक वाढवले, त्याच्या हातावर २०,००० येन ठेवले की त्या प्रयोगशाळेतल्या पुढच्या पोरांना काय संदेश जातो?

नॉर्वेचं उदाहरण तर जवळजवळ प्रयोगासारखं आहे. २००३ पर्यंत तिथं विद्यापीठातल्या प्राध्यापकाच्या शोधाचा सगळा हक्क प्राध्यापकाकडंच राहायचा. कायदा बदलला, हक्क विद्यापीठाकडं गेला आणि प्राध्यापकाच्या वाट्याला साधारण एक तृतीयांश आलं. हेतू चांगला होता. विद्यापीठांनी कार्यालयं काढावीत, शोध उद्योगांपर्यंत न्यावेत, हा. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की विद्यापीठातल्या लोकांनी काढलेल्या नव्या कंपन्या आणि त्यांची पेटंटं, दोन्ही निम्म्यावर आली. पेटंटचा कायदा होता तसाच होता. बदलला होता फक्त वाटा.

आपल्याकडं नोकरीत लावलेल्या शोधाचा मोबदला किती, हे पेटंट कायद्यात कुठंच नाही. जर्मनीत त्यासाठी १९५७ पासून स्वतंत्र कायदा आहे. आपल्याकडं सगळं नेमणूकपत्रावर आणि संस्थेच्या बौद्धिक संपदा धोरणावर अवलंबून. मोठ्या राष्ट्रीय संस्थांनी संशोधकांचा हिस्सा लिहून ठेवलेला असतो. छोट्या कॉलेजांत कित्येकदा धोरण असतं, पण ते कुणी वाचलेलं नसतं.

काही वर्षांपूर्वी एका संस्थेतलं प्रकरण माझ्याकडं आलं. अर्जावर संशोधक म्हणून पाच नावं. जिनं सगळं काम केलं होतं त्या मुलीचं नाव चौथं. वरच्या दोघांनी लॅबचा उंबरा ओलांडलेला नव्हता. मी विचारलं तर उत्तर आलं, ‘पद्धत आहे.’ मी अर्ज केला नाही, ते दुसऱ्याकडं गेले. पेटंट मंजूर झालं. दीड-दोन वर्षांनी एका कारखानदाराला ते तंत्र हवं होतं. पण कागदावरचं वाचून माल निघेना, कारण द्रावण कधी ढवळायचं, कधी थांबायचं हे त्या मुलीच्या वहीत आणि हातात होतं. तिला फोन गेला. ती तोवर दुसऱ्या नोकरीत होती. तिनं शांतपणे सांगितलं, ‘सर, माझा त्यात काही संबंध नाही.’ व्यवहार मोडला. तिच्यावर मी कधीच ठपका ठेवणार नाही. कारखान्यापर्यंत पोचायचं तर पेटंटच्या कागदापलीकडं संशोधकाचं मन त्यात असावं लागतं.

याच आजाराचं दुसरं रूप म्हणजे आकड्यांसाठी पेटंट. २०२३–२४ या एका वर्षात आपल्या देशात एक लाखाहून जास्त पेटंटं मंजूर झाली. यात चांगलं काम आहेच. पण कॉलेजांच्या राष्ट्रीय क्रमवारीत पेटंटला गुण आहेत, बढतीच्या तक्त्यातही आहेत, आणि त्यातून असे अर्ज येतात की वाचून वाईट वाटतं. अर्ज दाखल करायचा, तो प्रसिद्ध झाला की त्याचा क्रमांक फाईलला लावायचा आणि सोडून द्यायचा. अर्ज तपासणीला घ्या अशी विनंती एकतीस महिन्यांत केली नाही तर तो मागं घेतला असं धरतात. असे अर्ज पोरांना एकच धडा देतात: शोध म्हणजे फॉर्म. शिक्षकांनी आपल्या हातानं पोरांची ओढ मारण्याचा याहून खात्रीचा मार्ग मला माहीत नाही.

आता मैत्रीण म्हणते त्या ‘ज्ञानाला कुलूप’ याबद्दल. अर्ज अठरा महिन्यांनी प्रसिद्ध होतो, तो घरबसल्या फुकट वाचता येतो, आणि काम करून दाखवता येईल इतकं सविस्तर त्यात लिहावंच लागतं. नाहीतर पेटंट टिकत नाही. गुपित राखणाऱ्यापेक्षा पेटंटवाला जगाला जास्त सांगतो. आपल्या कायद्याचं कलम ४७ सांगतं की पेटंट असलेली गोष्ट प्रयोगासाठी, संशोधनासाठी, विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी वापरता येते. म्हणजे तुमच्या कार्बनचं पेटंट झालं तरी सांगलीच्या लॅबमधला विद्यार्थी तो बनवून त्यावर पुढचं काम करू शकतो.

तरी मैत्रिणीच्या शंकेत तथ्य आहे. जैवतंत्रज्ञानात ज्या शोधांचा पेपरही निघाला आणि पेटंटही मिळालं, त्यांचा एक अभ्यास २००७ मध्ये आला. पेटंट मंजूर झाल्यावर त्या पेपरचा इतरांकडून होणारा उल्लेख दहा ते वीस टक्क्यांनी कमी झाला होता. मानवी जनुकांच्या बाबतीत सेलेरा कंपनीनं काही काळ आपली माहिती करारानं बांधून ठेवली होती. ते पेटंट नव्हतं, पण परिणाम तसाच: त्या जनुकांवरचं पुढचं संशोधन आणि चाचण्या वीस-तीस टक्क्यांनी मागं राहिल्या. पायाभूत ज्ञानावर बसलेला मालक पुढच्यांना अडवतो, हे खरंच आहे. तुमचा कार्बन पायाभूत ज्ञान नाही, तो एक उपयोगी माल आहे. हा फरक मैत्रिणीला समजावून सांगा.

आणि पेटंट घेणं म्हणजे अडवणं असंही नाही. इन्सुलिनच्या संशोधकांनी १९२३ मध्ये आपले हक्क टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एक डॉलरला दिले. दुसऱ्या कुणी पेटंट घेऊन मक्तेदारी करू नये, हा उद्देश. दार उघडं ठेवायचं असेल तरी किल्ली आपल्याकडं असलेली बरी. तुम्हालाही तसं करता येईल: पेटंट घ्या, आणि महापालिकेच्या किंवा सामाईक सांडपाणी प्रकल्पाला नाममात्र दरात वापरू द्या.

ज्यांना पेटंटची चौकट बसतच नाही, त्यांचं दुःख वेगळं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी जेमतेम दीड एकरात, एकेक लोंबी निवडत एचएमटी हे तांदळाचं वाण तयार केलं. नाव पडलं ते त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून. वाण राज्याबाहेर गेलं, दादाजींचं नाव त्यासोबत गेलं नाही. बियाणं आणि वाण यांना आपल्याकडं पेटंट मिळत नाही. त्यासाठी २००१ चा पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा आहे, तो दादाजींच्या शोधानंतर आला. आपल्या कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते नावाला आहे, बांधणीला नाही. २०२५ मध्ये परदेशातल्या फॅशन शोमध्ये तशीच चप्पल दिसली तेव्हा इथल्या कारागिरांना जे लागलं, ते पैशाच्या आधी नावाचं होतं. संशोधक असो की कारागीर, ‘हे मी केलं’ एवढं जगानं म्हणावं, ही भूक सगळ्यांत खोल असते. आपल्या कायद्याच्या कलम २८ नुसार खऱ्या संशोधकाला पेटंटवर स्वतःचं नाव नोंदवून घेण्याची मागणी करता येते. फार थोड्यांना हे माहीत आहे.

आता तुमच्या कामाचं बोलू. बगॅसपासून कार्बन बनवून रंग काढणं यावर ढीगभर पेपर आहेत, नुसत्या तेवढ्यावर पेटंट मिळणार नाही. त्यातले बरेच जण शुद्ध पाण्यात मिथिलीन ब्लू हा निळा रंग घालून चाचणी घेतात. इचलकरंजीच्या खऱ्या सांडपाण्यात मीठ असतं, सायझिंगचं, म्हणजे सुताला दिलेल्या खळीचं, स्टार्च असतं, धाग्याला घट्ट चिकटणारे रिॲक्टिव्ह रंग असतात. तिथं भलेभले कार्बन वापरायच्या आणि धुवायच्या दोन फेऱ्यांत गुदमरतात. तुमचा टिकतो म्हणता, तर तुमचं नवेपण तिथं आहे. कशानं सक्रिय केला, कुठल्या तापमानाला, धुताना काय वापरलं, किती फेऱ्यांनंतर क्षमता किती राहिली, आणि शेजारी साध्या कार्बनचे आकडे. अर्जाचा जीव या तक्त्यात असेल.

पोस्टर लावण्याआधी तात्पुरता अर्ज, म्हणजे प्रोव्हिजनल, दाखल करा. व्यक्तीला किंवा शिक्षणसंस्थेला ऑनलाइन शुल्क १,६०० रुपये आहे. एजंटचे पैसे वेगळे. त्यानंतर पूर्ण अर्जाला बारा महिने मिळतात, आणि त्या काळात पोस्टर, पेपर, सगळं खुशाल करा. विद्वत्सभेत वाचलेल्या निबंधाला आपला कायदा बारा महिन्यांची सवलत देतो, पण ती अरुंद आहे आणि युरोपात चालत नाही. तिच्या भरवशावर राहू नका. तात्पुरता अर्ज म्हणून दोन पानांत उरकू नका. जे त्यात नसेल त्याला ती तारीख मिळत नाही. तापमानाचे पल्ले, बगॅसऐवजी पाचट वापरलं तर काय, हेही लिहा. आणि बगॅस ही वनस्पतीपासून आलेली वस्तू असल्यानं राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाच्या मंजुरीचा मुद्दा तपासणीत निघू शकतो. तो संस्थेनं आत्ताच बघून ठेवावा.

एखाद्या प्रोसेस हाऊसमध्ये चाचणी घेणार असाल तर आधी गोपनीयतेच्या कागदावर सही घ्या. मालक ओळखीचा असला तरी.

अर्जाच्या आधी गाईडसोबत एकदा बसा आणि दोन गोष्टी कागदावर आणा. कॉलेजच्या धोरणात रॉयल्टीचा तुमचा हिस्सा किती, आणि फेलोशिपच्या अटीत हक्काबद्दल काय लिहिलंय. विचारायला संकोच वाटेल. चांगला गाईड रागावत नाही. तुमचे तर ‘आधी पेटंट’ म्हणणारे आहेत, त्यांना तुमचं काम पुढं जावं असंच वाटत असणार. संशोधक म्हणून नावं कुणाची, हे ठरवताना अर्जात ‘हे नवं’ म्हणून जे दावे मांडतो, त्यातल्या कुठल्या दाव्यामागं कुणाचं डोकं आहे, एवढंच बघायचं. लॅब दिली, पैसे दिले, सही केली, यानं कुणी संशोधक होत नाही.

वहीची पानं क्रमानं लावून, प्रत्येक पानावर तारीख आणि गाईडची सही घेऊन ठेवा. पोस्टरची तारीख मला कळवा. तिच्या आधी दहा दिवस हाताशी असले तरी प्रोव्हिजनल नीट होतं. येताना तो फेऱ्यांचा तक्ता आणि कार्बनची एक पुडी घेऊन या.